नळीच्या तोंडावरचं कुंकू

मित्रांनो, कोलशेतच्या कारखान्यातून निवृत्त होऊन कल्याणच्या एका कॉलेजात आलेली मी जुनी विजेची भट्टी आहे. माझ्या पोटातून एक लांब पांढरी नळी जाते. तिच्यात भुकटी दाबून केलेल्या वड्या ठेवतात आणि मी त्या हजार अंशांवर भाजते.

कारखान्यात माझा मान होता. इथे मात्र चार वर्षं माझ्यावर प्रयोगवह्यांचे गठ्ठे पडून होते. ते इथे संशोधन करणाऱ्या मैथिलीने उचलले. माझी जळकी तारही तिनेच बदलली. तिला मिठातल्या सोडियमवर चालणारी बॅटरी करायची होती, आत पातळ रसायनाऐवजी घट्ट वडी असलेली, म्हणजे पेट घेण्याची भीती कमी. दोन वर्षं तिचा नेम चुकला नाही. वडी भाजायची, मोजायची, फसली तर वहीत ‘फसली’ असंच लिहायचं.

खंडेनवमीला सफाईवाल्या तुळसामावशींनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. माझ्या नळीच्या तोंडाला भरभरून हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतर भाजलेल्या पहिल्याच वडीतून वीज दुपटीने वाहिली. मैथिलीचे मार्गदर्शक हरिहर सर खूश झाले. शनिवारी ठाण्याच्या परिषदेत हाच आकडा मांड म्हणाले. पण पुढच्या तीन वड्यांत तो आलाच नाही.

“अगं, एकदा तर आला ना? अशी संधी परत यायची नाही,” सर म्हणाले.

“सर, जो आकडा मला परत दाखवता येत नाही, तो मी माझा कसा म्हणू?”

तिने माझी नळी उघडली. तोंडाशी लाल डाग होता, आत पांढरी राख. तपासल्यावर कळलं, हळदीत चुना मिसळून केलेल्या कुंकवातला चुना त्या पहिल्या वडीत उतरला होता.

तुळसामावशींचा चेहरा उतरला. “म्हणजे माझी पूजाच नडली म्हणायची.”

“पूजा नाही मावशी, मी नडले. वडी ठेवण्याआधी नळी पुसायची असते. मी पुसली नाही.”

शनिवारी तिने जुना, लहान आकडाच मांडला आणि आपली चूकही सांगितली. टाळ्या बेताच्याच पडल्या म्हणे. सोमवारी मात्र ती सकाळीच हजर. वीज चुन्यानेच वाढली का, हे पाहायला आता ती चुना काट्यावर तोलून, चिमटीचाही अंश मोजून भुकटीत मिसळते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हार घाला, पण आधी आतून पुसा. आम्ही काही मोठं दाखवलं, तर पुन्हा एकदा विचारा. या क्षणी माझ्या पोटात नवी वडी आहे. तो दुप्पट आकडा येईल की नाही, मला ठाऊक नाही. मी आच मात्र एका अंशानेही हलू देणार नाही.