जेल धरेपर्यंत

तिने कुपीत चिमूटभर भुकटी टाकली, एकदाच ढवळले आणि कुपी बाकावर ठेवून दिली.

"आता काय, बाईसाहेब?" धाकट्या भावाने विचारले.

"थांबायचं."

जखमेवर बसवायचे हे जेल तिने घडवले होते. कारखाना मात्र वडिलांच्या पश्चात भावाकडे गेला होता. जेलची कृती आज डोळ्यांदेखत पाहायची, नव्या रसायनतज्ज्ञाच्या हवाली करायची आणि तिला घरी बसवायचे, हे त्याने काल जेवताना भावजयीच्या देखत ऐकवले होते. जेल जमलेच नाही तर कृती तिची तिने खुशाल घेऊन जावी, अशी मुभाही उपकार केल्यासारखी दिली होती.

पेप्टाइडचे रेणू अजून पाण्यात सुटे होते. भुकटीने पाणी सावकाश आंबट होई, तसतसे ते एकमेकांना बिलगून त्यांचे तंतू होत, तंतूंचे जाळे विणले जाई आणि सारे पाणी त्यात अडकून राही. ना डिंक, ना कसला पक्का जोड. जाळे धरत असताना धक्का लागला, की ते तुटे आणि पुन्हा पहिल्यासारखे सांधत नसे. म्हणून प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशींनाही, ती आधी हात पाठीमागे बांधायला लावी.

भावाला आज तिने काही सांगितले नाही.

त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. तिच्या हट्टापायी वडील कसे खंगले, तिच्या काचसामानावर किती उधळपट्टी झाली, सगळे त्याने उकरून काढले.

"घरी बसून दही लाव. ते तरी लागेल तुझ्या हातून."

बोलता बोलता त्याने कुपी उचलली, उजेडात तिरपी केली, हलवली, ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. ती तराजू पुसत राहिली.

शेवटी त्याने कुपी उलटी केली. चार गुठळ्या पाण्यासकट झाकणावर घसरल्या.

"संपलं. ने तुझी कृती. तुझी तुला लखलाभ."

दारापर्यंत जाऊन तो थांबला. त्याचा आवाज उतरला होता.

"मी हात लावला नसता, तर जमलं असतं का गं, ताई?"

कित्येक वर्षांत त्याने तिला ताई म्हटले नव्हते. ती कुपी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"नाही," ती म्हणाली.