एकदारीचा दरवाजा

आधीच सांगून टाकते, आमचा खेळ पत्त्यांचा नाही अन् मोबाइलचाही नाही. दर रविवारी जेवणं आटोपली की नंदनवन कॉलनीत सोनिकाच्या घरी, वरच्या खोलीत आम्ही बसतो अन् एक मुलूख चालवतो. मुलूख खोटा आहे. बोलून बोलून बनवला, सहा वर्षं झाले. प्रत्येकाचा त्यात एक माणूस असतो, तो काय करते ते ज्याचं त्यानं सांगायचं. पुढं काय घडलं ते मी सांगायचं, कारण सूत्रधार मी. कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशानं दिलं ते दिलं, मग कोणाचा बाप आला तरी बदलत नाही.

मी सरिता. सदरमधल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांले 'खालची ओळ वाचा' म्हणून म्हणून माझा आवाज मास्तरणीसारखा झाला, असं सोनिका म्हणते. असेल. मले नियम आवडतात. आमच्यातला एक नियम माझाच आहे: नकाशावर ज्यानं जे गाव काढलं ते त्याचं. तिथं कोण राहते, काय विकते, रस्ता खुला का बंद, हे फक्त तोच सांगेल. सूत्रधारालेही त्यात बोट घालता येत नाही.

आमच्यात तेव्हा विक्कीही होता, त्यानं एकदारी काढली होती. दोन डोंगरांच्या मधात, बरोबर खिंडीत बसवलेलं शहर. दरवाजा एकच, म्हणून एकदारी. पलीकडच्या मुलखात जायचं तर शहरातूनच जावं लागते. त्याचा माणूस शेरा, त्या दरवाजाचा रखवालदार.

विक्की खेळायचा भारी, पण बोलायचा त्याहून जास्त. दुसऱ्याचं वाक्य तोच पुरं करायचा. दोन वर्षांआधी मी तीन आठवडे खपून एक भानगड रचली होती, ती त्यानं दहा मिनिटांत निकालात काढली अन् वरून म्हणे, "अजून काही आहे काय?" माझं डोकंच सटकलं. सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागं फासा टाकतो, बाकीच्यांले दिसत नाही. शेरावर वार झाला होता, पंधराच्या वर आले तर तो मरणार, मी फासा टाकला. सहा आले. मी म्हटलं, एकोणीस.

शेरा मेला. विक्कीनं आलूबोंडे खाल्ले, स्वतःची प्लेट धुतली, गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणे दुकान आहे, टाइम नाही भेटत. सोनिका म्हणाली, रुसला. खेळात काय, कोणीही मरते. मीही मान हलवली. सहा आले होते हे मी कोणाले सांगितलं नाही.

तेव्हापासून आम्ही एकदारीच्या भोवती फिरून राहिलो. नियम म्हणजे नियम, मालक नाही तर दरवाजा कोण उघडेल? नदीनं जाऊन पाहिलं. दलदलीतून जाऊन पाहिलं, दोन बैल गेले. एक पुरा उन्हाळा आम्ही डोंगर खोदला, कूलर लावून, अन् भुयार निघालं ते एकदारीच्या खालीच. तिथूनही वापस आलो. तीन शिकलेली माणसं, दर रविवारी चार तास. हसाल तर हसा.

मग धम्मानंदची बदली झाली, गुवाहाटीले. धम्मानंद आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा. त्याचा माणूस भिवा नावाडी. पहिल्याच रविवारी भिवा मायसाठी मीठ आणायले घरून निघाला होता, अन् घर एकदारीच्या पलीकडं. सहा वर्षांत त्यानं कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी म्हणाला, "सरिता, एकच रविवार उरला. भिवाले घरी पोचव ना."

सोनिका म्हणाली, "भूकंप झाला म्हण वं. पडलं शहर. कोण पाहून राहिलं?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"तू अन् तुझा नियम."

मले स्वतःचीच लाज वाटली. एक नियम मोडून बसली होती अन् दुसऱ्याचं सोवळं पाळून राहिली होती.

मंगळवारी दुकानातून लवकर सुटून शहराच्या टोकाले, बेस्याले गेली. तिकडं विक्कीचं टाइल्सचं अन् नळांचं दुकान आहे. मले वाटलं, तोंड फिरवेल. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी धम्मानंदचं सांगितलं.

"खुला म्हण ना," तो म्हणाला. "मी काय दरवाजावर बसून आहो काय?"

"तू रागावला नव्हता?"

"फाशावर काय राग करायचा वं? पडला तो पडला. चार वर्षं सांभाळलेला माणूस एका फाशात गेला, तर म्हटलं, जाऊ दे, आपलं नशीबच तेवढं. नवीन बनवायची हिंमत नाही झाली."

काम झालं होतं. चहा प्यायचा, उठायचं, रविवारी दरवाजा उघडायचा. कोणाले काही कळलं नसतं. पण तो बिचारा दोन वर्षं नशिबाले दोष देऊन बसला होता, अन् नशीब म्हणजे मी.

"एकोणीस नव्हते," मी म्हटलं. "सहा होते."

तेवढ्यात एक बाई नळ घ्यायले आल्या. विक्कीनं त्यांले पाच प्रकारचे नळ दाखवले, एकेक फिरवून दाखवला, बिल केलं, पिशवीत भरून दिला. मी बसून होती. मग तो वळला.

"काहून? कायच्यासाठी?"

"तू कोणाले बोलूच नव्हता देत."

"तर म्हणायचं होतं ना, विक्की, चूप बस. बसलो असतो." थोडा वेळ तो नळांचे खोके लावत राहिला. "माणूस काहून मारला?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"दरवाजा नाही खुलत आता," तो म्हणाला. "जा तू."

बाहेर येऊन गाडीवर बसली अन् रडली. दोन वर्षं काढले होते तसेच अजूनही काढता आले असते, धम्मानंदचंही काम झालं असतं, अन् माझ्या तोंडानं सगळं घालवलं. तरी बोलली ते वापस घ्यावंसं वाटलं नाही, हेही खरं.

रविवारी दोघांले सगळं सांगितलं. सोनिका खूप बोलली. दोन वर्षं आम्ही त्याले रुसका म्हटलं, तू ऐकून घेतलं, असं. बरोबरच बोलली. धम्मानंदनं एवढंच विचारलं, "म्हणजे भिवा बाहेरच?" मी हो म्हटलं. त्यानं आपली वही बंद केली.

अन् जिन्यावर पाय वाजले. विक्की होता, हातात हेल्मेट.

"धम्याले सोडायले आलो," तो म्हणाला. माझ्याकडं न पाहता पुठ्ठ्याचा आडोसा उचलला अन् सोनिकासमोर ठेवला. "आज तू सांग वं. हिनं नाही."

मी उठली, समोर जाऊन सतरंजीवर बसली. सहा वर्षांत त्या बाजूनं कधी बसली नव्हती.

विक्कीनं एकदारी उघडली. भिवाले आत घेतलं, एकेक गल्ली फिरवली. लोहार दाखवले, विहीर दाखवली, एका म्हातारीनं त्याले भाकर दिली. कोणाचं वाक्य तोडलं नाही. धम्मानंद बोलला की थांबायचा, पुरं होऊ द्यायचा. पाऊण तासानं भिवा पलीकडं उतरला, आपल्या घरापाशी गेला. सोनिकानं मायचा आवाज काढला, म्हणाली, "हात धू, जेवायले बस." धम्मानंदनं मान खाली घातली, अन् कितीतरी वेळ वर केली नाही.

मग सोनिका माझ्याकडं वळली. "तू कोण आहे?"

मले समजलं नाही.

"अवं, इथं बसली तर तुझाही माणूस पाहिजे. कोण आहे, कुठं उभी आहे?"

"बाहेरगावची बाई," मी म्हटलं. "एकदारीच्या दरवाजापुढं उभी आहे."

सोनिकानं विक्कीकडं पाहिलं. शहर त्याचं, सांगायचं त्यानंच. तो निघायच्या तयारीत होता, हेल्मेटचा पट्टा सुटा करून राहिला होता.

"आत येऊ काय?" मी विचारलं.

विक्कीनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"आज नाही," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येऊन विचारजो. मी राहीन."