पिकायची वाट

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. शाळेत कांद्याची साल दाखवतो तो नव्हे. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या टेबलावर मान वाकवून उभा असतो तो. माझी कहाणी ऐकण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे. पण आता सांधे कुरकुरतात, तेव्हा सांगून टाकतो.

माझा जन्म जर्मनीतला. उमेदीची वर्षे स्वीडनमधल्या एका लहान गावात गेली. तिथली माणसे फार लवकर यायची. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे पसरल्यासारखे दिसतात, एवढीच तक्रार. मोतीबिंदू जेमतेम धुरकट असायचा. काम झटपट व्हायचे आणि माणूस दुपारची कॉफी घरी जाऊन प्यायचा. पुढे तिथे नवे यंत्र आले आणि मला कोल्हापूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाला देऊन टाकले.

इथे पहिल्याच दिवशी मी दचकलो. माझ्याखाली आलेला मोतीबिंदू काळपट गुळाच्या खड्यासारखा होता, तितकाच घट्ट. इथे तो पिकू देतात, हे मला नंतर कळले. पूर्वी म्हणे तसे करावेच लागे. आता लागत नाही. पण 'पिकू दे' हा शब्द काही जात नाही. डोळा म्हणजे आंब्याची अढी नव्हे, हे इथल्या डोळ्यांच्या डॉक्टर संयोगिता मॅडम रोज सांगतात आणि रोज दमतात.

कळंब्याच्या तानाबाईंचा उजवा डोळा असाच गढूळ झाला होता. त्यांचे मालक पिराजी म्हणाले, पिकू दे. मग म्हैस व्याली, मग ऊस तोडणीला आला. डोळा लाल होऊन ठणकू लागला, तेव्हा कुठे त्यांना आणले.

हिरव्या कापडाखालून त्यांनी विचारले, "दिसंल न्हवं, मॅडम?"

मॅडमनी माझ्या भिंगांना डोळे लावले आणि काम सुरू केले. दुधाळ गोळा निघाला, नवे भिंग बसले, सगळे स्वच्छ झाले. पण पिकून फुगलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढून मागची नस आधीच वाळली होती. त्या डोळ्याला दिवस आणि रात्र एकच राहिली.

काही महिन्यांनी तानाबाई डाव्या डोळ्यासाठी आल्या. पिराजी थिएटरच्या दारापर्यंत मागोमाग आले. ह्यो अजून कच्चा हाय, थोडं थांबूया की, म्हणाले.

स्ट्रेचरवरून तानाबाई शांतपणे म्हणाल्या, "एक डोळा तुमच्या पिकण्यात गेला. ह्यो माझा हाय. चला मॅडम, आत घ्या."

पिराजी टोपी काढून बाजूला झाले.

पट्टी वॉर्डात सुटते आणि मी थिएटरबाहेर कधी जात नाही. त्यामुळे पुढचे मी ऐकलेलेच सांगतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर तानाबाई बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यायच्या आधी दाढी तरी करायची न्हवं?" सिस्टर हसत सांगत होत्या, पिराजी मात्र रडले.

मित्रांनो, घरात कुणी ताटातला घास चाचपू लागले, तर 'पिकू दे' म्हणू नका. हात धरून लवकर घेऊन या. मी फार थकलो आहे. कच्च्या मोतीबिंदूला मलाही कष्ट कमी पडतात.