होळीतून काढलेली तुळई

गोठ्यामागच्या सावलीत नुसते विटांचे टेकू उरले होते. त्यांच्यावरची बाभळीची तुळई गायब. मातीत ओढत नेल्याची चरी मारुतीच्या पाराकडे गेलेली दिसली, आज होळी आहे हे आठवलं, आणि काय झालं ते स्नेहलला कळलं.

होळीला मंडळाची पोरं कुणाच्याही दारातलं लाकूड उचलतात. कुणी तक्रार करत नाही, आणि एकदा होळीत पडलेलं लाकूड कुणी परत मागत नाही. तिच्या सासूबाई, कुशाबाई, सकाळीच सरपणावर ताडपत्री घालून मोकळ्या झाल्या होत्या. तुळईवर कुणी हात टाकेल हे दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

बांधावरची ही बाभूळ वादळात पडली, तेव्हा भट्टीवाला मागायला आला होता. स्नेहलनं दिली नाही. कीड लागू नये म्हणून खोड पावसाळाभर जुन्या विहिरीत बुडवलं, मग साल काढून सावलीत वाळवलं. मळ्यात दगडमातीचं कौलारू घर बांधायचं, ते या तुळईच्या जोरावर. पाडव्यानंतर सुतार येणार होता. एवढं सरळ खोड आता शिवारात दुसरं नव्हतं.

नवरा सोमनाथ चाकणला ड्युटीवर. तिनंच ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत त्याच बाभळीच्या वाकड्या फांद्या भरल्या. नातीला, आरोहीला, मांडीवर घेऊन कुशाबाईही चढल्या. "स्लॅब टाका म्हणून घसा कोरडा केला," त्या वाटभर पुटपुटत होत्या.

पाराजवळ होळी रचून झाली होती. तुळई मधोमध उभी.

"वहिनी, निवद संध्याकाळी असतो," चुलत दीर ऋषी म्हणाला. पोरं हसली.

"नैवेद्य संध्याकाळीच आणीन. आत्ता तुळई न्यायला आलेय."

"आमाला वाटलं ओंडका हाय. आता पडली होळीत. दादा पगारदार गडी, स्लॅब टाका की राव."

पारावर बसलेले गावातले वडीलधारे सयाजीतात्या सावकाश बोलले, "सूनबाई, होळीचं लाकूड आढ्याला गेलं तर घराला आग लागती. लेकरू हाय तुला."

स्नेहलच्या हातातली साखळी थांबली. आरोही शिंकली तरी मीठमोहऱ्या ओवाळणारी बाई ती. तिनं ट्रॉलीतल्या आरोहीकडे पाहिलं.

"लेकरू आहे म्हणूनच, तात्या. त्याच्या डोक्यावर काय असावं ते मी ठरवणार."

"उद्या काय झालं तर आमाला बोल लावू नको."

"नाही लावणार. आणि काहीच झालं नाही, तर तुम्हीही पुन्हा हा विषय काढायचा नाही."

कुणी जागचं हललं नाही. ती स्वतःच ढिगावर चढली, तुळईला साखळी आवळली आणि ट्रॅक्टर पुढं घेतला. तुळई निघाली, तशी अर्धी होळी बसली.

"मोडली की वो होळी," ऋषी म्हणाला.

"बघत काय बसलायस?" कुशाबाई ट्रॉलीतून कडाडल्या. "फांद्या उतरव. तुळईच्या बदल्यात बाभळीच्याच हाईत."

संध्याकाळी स्नेहल पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आली. दरवर्षी ठिणगी उडेल म्हणून ती लेकीला घेऊन पार मागं, भिंतीशी उभी राहायची. यंदा गर्दीनं वाट दिली, तशी ती आरोहीला कडेवर घेऊन थेट पुढं, होळीच्या धगीपाशी गेली आणि तात्यांच्या समोर उभी राहिली.