तारांखालचा निंब

नवी उच्चदाबाची लाईन शेतांवरून जाणार म्हटल्यावर भडगावजवळच्या त्या गावात कुरकुर सुरू झाली. अभिमन मात्र सगळ्यांच्या आधी तयार झाला. जुनी लाईन जरा वारा सुटला की मान टाकायची, आणि अंधाराशी त्याचं जुनं वैर होतं. वीसेक वर्षांमागे त्याची बायको कमलबाई बाळंत झाली तेव्हा दवाखान्यात वीज नव्हती. पोर निळी पडत गेली, ऑक्सिजनचं यंत्र नुसतं उभं राहिलं, आणि वीज परत येईतो ती गेली.

तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. आपल्याच बांधावर पुरतात, खूण ठेवत नाहीत, पुन्हा विषय काढत नाहीत. अभिमनने ही रीत हट्टाने पाळली. कमलबाईने मात्र तिथं निंब लावला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. कमलबाईही त्या निंबाला झोका बांधायची आणि रिकामाच हलवत बसायची. अभिमन तेवढ्यात मोटार बघायचं निमित्त काढून शेताच्या दुसऱ्या टोकाला सटकायचा. एरवी चार माणसांत बोलणारा गडी, या एका गोष्टीत अगदी भित्रा.

पाहणीला इंजिनीयर दिपमाला मॅडम आल्या, तेव्हा कमलबाई देवपूरला भावाकडे गेली होती.

"आबा, बांधावर विहीर, देवस्थान, समाधी असं काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

अभिमनची नजर निंबाकडे गेली. तोंडापर्यंत आलेलं त्याने गिळलं.

"कायज नही, मॅडम. आपोआप उगेल झाड शे ते."

टॉवर उभे राहिले. तारा ओढण्याआधी खालची झाडं काढायला माणसं आली, तशी कमलबाई निंबाच्या बुंध्याशी जाऊन बसली.

"आठे मनी पोर शे," बुंध्याजवळच्या मातीवर हात ठेवत ती म्हणाली.

दिपमाला तिच्याशेजारी मातीतच बसली. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, तेव्हा कळलं असतं तर टॉवर थोडे सरकवले असते. आता दोन्हीकडचे उभे राहिलेत. तारांखाली एवढं उंच झाड ठेवता येत नाही."

"तुम्हीन आधी इचारं नही?"

"विचारलं होतं," दिपमाला म्हणाली आणि खाली बघत राहिली.

कमलबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने दिपमालाकडे वळून विचारलं, "दवाखान्यालेबी हाईच लाईन जाई का?"

"हो."

मग ती उठली आणि बाजूला झाली.

पुढच्या आखाजीला वादळी वारं सुटलं, तरी वीज गेली नाही. कमलबाईने सवयीने खुंटीवरचा दोर काढला आणि बांधावर आली. दोर हातात धरून तोडलेल्या निंबाच्या खोडक्यापाशी उभी राहिली. या वेळी अभिमन मोटारीकडे गेला नाही. तो तिच्यामागून आला.

"पोरनं नाव काय ठेवनार व्हती तू?" त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

कमलबाई दोर गुंडाळत राहिली.

"ठेवनार काय? कधीनच ठेवेल शे. मेघा."

अभिमन खोडक्यावर बसला. ते नाव त्याने एकदा मोठ्याने घेऊन पाहिलं, आणि मग त्याला रडू आवरेना.