फळीची डावी बाजू

मित्रांनो, मी एक धार लावायची जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे किती जुनी, हे मलाच नीट सांगता येत नाही. माझ्या अंगावरचा दगड आजवर एकवीस वेळा बदलला आहे, आणि चामड्याचा पट्टा किती वेळा बदलला ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. सांगाडा मात्र पहिलाच आहे. एका लोहाराने तो मोडक्या सायकलीच्या नळ्यांपासून जोडला. खाली मोठं चाक, ते फिरवायला पाय ठेवायची एक फळी, वर गोल दगड आणि बाजूला अवजारांची लाकडी पेटी. फळी दाबली की चाक फिरतं, पट्टा दगडाला फिरवतो, दगडाला पातं टेकलं की ठिणग्या उडतात. एवढीच माझी विद्या.

माझ्या मालकाला सगळे धारवालाच म्हणत. सकाळी तो मला ढकलत आधी खाटकाच्या दुकानासमोर न्यायचा, मग शिंप्यांच्या गल्लीत, आणि दुपारी खानावळींच्या मागच्या दाराशी. शिंपी म्हणायचे, याने धार लावलेली कात्री नुसती दाखवली तरी कापड घाबरून दोन होतं. ते ऐकून फळीवरचा त्याचा उजवा पाय जरा जोरात पडायचा. त्याच्या मनातलं मला नेहमी पायातूनच कळलं.

त्याची एक सवय मला कधी आवडली नाही. दगड तो अगदी शेवटपर्यंत वापरायचा. ताटाएवढा आणलेला दगड बशीएवढा झाला तरी उतरवायचा नाही. लोहार त्याला दर वेळी बजावायचा की असा झिजलेला दगड एखाद दिवशी फुटून तोंडावर येईल. धारवाला म्हणायचा, अजून महिना जाईल. नवा दगड पेटीत तसाच कोरा पडून असायचा.

त्याची बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या शेजारी भांडी घासणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरातली कपाटंसुद्धा विकली गेली. ते पाहून बायकोने आरोग्य विम्याचा ध्यास घेतला. कोपऱ्यावरच्या विमा कार्यालयातल्या एक बाई घरच्या सुऱ्या घेऊन माझ्याकडे यायच्या. त्यांनीच एकदा धार लागेपर्यंत उभ्या उभ्या सगळं समजावलं. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर वर्षभरातल्या बिलाचा ठरलेला पहिला भाग आपण भरायचा आणि त्यावरचा कंपनीने. आपला भाग मोठा घेतला तर वर्षाचा हप्ता कमी बसतो, लहान घेतला तर जास्त. कागदावर त्या भागाला डिडक्टिबल म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव 'आपला वाटा' असं पडलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असते, त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर येतं. धारवाल्याला सगळ्यात मोठा वाटा घ्यायचा होता, कारण हप्ता अगदीच थोडा होता. मला काय धाड भरली आहे, असं तो म्हणाला. बायकोला वाटाच नको होता, पण तो हप्ता भरायचा तर घरभाडं थकणार होतं. दोघं बराच वेळ अडून बसली. कापडाच्या दुकानात कामाला जाणारी त्यांची मुलगी मग म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी दवाखान्यात जावं लागलं तर आपण कुणापुढे हात न पसरता किती काढू शकतो? तेवढाच वाटा घ्यायचा."

उत्तर होतं, काहीच नाही. पण वाटाच नसलेला हप्ता परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी मधला वाटा घेतला आणि एक नियम केला. शून्य वाट्याच्या मानाने हप्त्यात जे वाचलं, त्यातलं जमेल तेवढं एका पाकिटात घालून माझ्या पेटीत, कोऱ्या दगडाखाली ठेवायचं. वाट्याएवढी रक्कम जमेपर्यंत दर महिन्याला त्यात थोडी भर टाकायची. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान वाटला. तोवर मी फक्त धार लावत होते, आता घर सांभाळत होते.

पाकीट भरायला चार वर्षं लागली. त्या दिवशी धारवाल्याने पेटीवर थाप मारली, आणि पुढे रोज सकाळी निघताना तशी थाप मारायची त्याला सवय लागली. बायको शेजारणींना सांगायची, आता आम्हाला कशाची भीती नाही. माझंही डोकं थोडं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू? भरलेली पेटी म्हणजे फार मोठी गोष्ट, असं मलाही वाटायला लागलं.

मग एके दुपारी खाटकाचा जड सुरा निसटला आणि धारवाल्याच्या उजव्या पायावर पडला. जखम लहान होती, पण त्याला मधुमेह होता आणि ती भरेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवस दाखल होऊन ती नीट साफ करून घ्या. तो हो म्हणाला आणि मला ढकलत रस्त्याच्या कडेला आला. बोटांवर काहीतरी मोजत तो बराच वेळ उभा राहिला, आणि माझ्याशीच बोलल्यासारखं बोलला. विम्याचं वर्ष संपायला सात आठवडे राहिले होते. आत्ता दाखल झालो तर वाटा भरावा लागणार, आणि नवं वर्ष लागल्यावर पुन्हा काही झालं तर पुन्हा पहिल्यापासून भरावा लागणार. मग सात आठवडे कळ काढली तर काय बिघडलं?

त्याने दगडाचा न्याय स्वतःच्या पायाला लावला होता. त्या दिवसापासून त्याने दुखणं अंगावर काढलं. घरी तो पायमोजा काढेना, जखम भरत आली असं सांगायचा. आणि कामावर तो फळी डाव्या पायाने दाबू लागला. वर्षानुवर्षं मी उजव्या पायाची होते. डावा पाय नवशिक्यासारखा पडायचा, चाक हिसके खायचं, धार वाकडी लागायची. एका शिंप्याने कात्री परत आणून दिली, तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. मित्रांनो, इतकी वर्षं करकरत घालवली, पण मुकेपणाचं खरं दुःख मला त्या पाच आठवड्यांत कळलं.

अधूनमधून सुट्टीच्या दिवशी बायको मला तेलाच्या फडक्याने पुसायची. अशाच एका सुट्टीला ती फळीपाशी थांबली. उजव्या बाजूची लाकडाची जुनी चकाकी धुळीने मळली होती आणि डावी बाजू नव्याने घासून गुळगुळीत झाली होती. ती आत गेली आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर, माझ्यापाशी घेऊन आली. तिने स्वतः त्याचा पायमोजा उतरवला. आतलं पाहून तिने डोळे मिटून घेतले.

"किती दिवस झाले?"

"पाच आठवडे," तो म्हणाला. "अगं, दोनच राहिलेत. मग नवं वर्ष लागतंय."

तिने माझी पेटी उघडली, दगड बाजूला सारला आणि पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. "अहो, हे कशासाठी साठवलं होतं आपण?"

तासाभरात ते दवाखान्यात गेले.

पुढचं मला खिडकीतून ऐकून कळलं. पायाची बोटं आणि पुढचा भाग काढावा लागला. पाच आठवडे आधी आला असतात तर जखम धुऊन, टाके घालून घरी सोडलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पाकिटातले पैसे वाट्याला बरोबर पुरले आणि त्यावरचं सगळं बिल कंपनीने भरलं. पैशांनी दगा दिलाच नव्हता. तो घरी आला, तेव्हा विम्याचं वर्ष संपायला अजून चार दिवस बाकी होते.

विमा कार्यालयातल्या बाई भेटायला आल्या. वर्ष संपायची वाट बघा असं तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. कुणीच नाही, मीच ठरवलं, असं तो म्हणाला. बाई पायरीवर टेकल्या. "मी तुम्हाला सगळे आकडे सांगितले," त्या म्हणाल्या, "पण दुखलं की थांबायचं नाही, एवढंच सांगायचं राहिलं." मला त्यांचा राग आला नाही. पेटी माझी होती, आणि थाप पडली की मीही खूश होत होते.

त्या वर्षी पुन्हा वाटा निवडायची वेळ आली. मुलीने आपला जुनाच प्रश्न विचारला, किती काढू शकतो? बायकोने त्यात स्वतःचा एक जोडला, "आणि काढायची वेळ आली तर काढाल का?" धारवाल्याने खरं सांगितलं, माझा हात पुन्हा अडखळेल. म्हणून त्यांनी सगळ्यात लहान वाटा घेतला. हप्ता वाढला, तेव्हा मुलगी बसचं भाडं वाचवून दुकानात चालत जाऊ लागली आणि बायकोने शाळेत संध्याकाळचं कामही धरलं. मोठा वाटा नुसत्या साठवणाऱ्याला पुरत नाही. पेटीकडे जाताना ज्याचा हात अडखळत नाही, त्यालाच तो पुरतो.

आता मी फिरत नाही. घराच्या दाराशीच उभी असते आणि शिंपी कात्र्या घेऊन इथे येतात. धारवाला उंच बाकावर बसतो आणि डाव्या पायाने फळी दाबतो. फळीची डावी बाजू आता उजवीपेक्षा गुळगुळीत झाली आहे आणि धारही पुन्हा सरळ लागते. मित्रांनो, तुमच्या घरीही कुठेतरी अडीनडीसाठी काही जपून ठेवलेलं असेल. ते जपणाऱ्यांचं कौतुक जरूर करा. पण घरातलं कुणी पाय लपवत असेल, खोकला दाबत असेल, तर तुम्ही तोंड उघडा. ते तुम्हाला दिलेलं आहे, मला नाही.

काल सकाळी धारवाल्याने माझ्या दगडावर बोट फिरवलं. तो अजून चांगला ताटाएवढा होता, निम्माही झिजला नव्हता, पण त्याला कडेला केसाएवढी एक चीर गेली होती. मग त्याने पाना मागवला आणि तो दगड उतरवला.