फक्त आजपुरतं

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. नाटकाची नव्हे, संगणकाने कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची, त्याचा लिहून ठेवलेला हुकूम म्हणजे मी. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. इथे मला कुणी चालवत नाही, म्हणून बोलायला सवड आहे.

माझा जन्म अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत झाला. शीतगृहात अमोनिया गळू लागला की भोंगा वाजवणारी पेटी तिथे बनते. पेटीतला प्रोग्राम जुळवायचा, तपासायचा आणि मगच बाहेर सोडायचा, हे माझं काम. मला लिहिलं सविताने. ऑफिसचं विंडोज असो, सर्व्हरचं लिनक्स असो की पेटीतला एवढासा संगणक, तिन्हीकडे मी सारखीच चालावी म्हणून तिने जिवाचं रान केलं. वर मुद्दाम चुका पेरून मी अडते का, हेही ती बघायची. मी अडले, पडद्यावर लाल अक्षरं आली, की बाई खूश. चूक सापडल्यावर हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटची चाचणी खऱ्या पेटीवर व्हायची. गळती झाल्याचं पेटीला भासवायचं आणि दहा सेकंद भोंग्याची वाट बघायची.

खंडेनवमीला कंपनीत पाने-पकडी, मीटर, ड्रिल मशीन सगळं पूजेला बसलं, आणि मधोमध ती चाचणीची पेटी. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा मालक धनराजसरांच्या वडिलांपासूनचा नेम. संगणकाला तेवढी सूट. त्याला कुंकू लावून कामाला जुंपायचं. नेमका त्याच आठवड्यात भोंग्याचा भाग नव्याने लिहिला होता, आणि तो बारा शीतगृहांना त्याच दिवशीच्या मुहूर्तावर पाठवायचा होता.

"सर, पेटीवरची चाचणी राहिलीये," सविता म्हणाली.

"दोन्ही कॉम्प्युटरवर पास झालंय ना? मग आजच्या दिवस वगळ. पूजा मोडू नकोस."

सविताने माझ्यात चाचणी वगळणारी एक ओळ टाकली आणि शेजारी टीप लिहिली, 'फक्त आजपुरतं'. मी हिरवी अक्षरं दाखवली.

दसऱ्यामागून दिवाळी आली, मग द्राक्षांचा हंगाम. ओळ तशीच राहिली. हिरव्या अक्षरांखाली मी रोज बारीक अक्षरांत सांगत होते, एक चाचणी वगळली आहे. पण हिरवं दिसलं की माणसं चहाला उठतात.

फेब्रुवारीत दिंडोरी रस्त्यावरच्या एका शीतगृहात नळी फुटली. भोंगा वाजला नाही. सुरगाण्याकडचा कोंडाजी आत द्राक्षांची खोकी रचत होता. तो जिवंत बाहेर आला नाही.

चौथ्या दिवशी त्याची बायको झुंबरबाई कंपनीत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"भोंगा वाजला असता तं तो पळाला असता ना, बाई?" तिने सविताला विचारलं. "लय चपळ व्हता तो."

झुंबरबाई गेल्यावर सविताने ती ओळ काढली आणि मला चालवलं. मी पेटीला गळती भासवली. दहा सेकंद खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग मी लाल झाले. सविता हसली नाही.

"त्या ओळीची नोंदच पुसून टाक," मागे उभे असलेले धनराजसर म्हणाले. "नाव तुझं लागलंय त्यावर. दुरुस्ती झाली की गुपचूप पाठवून देऊ."

"आठवडा लागेल, सर. तोवर अकरा ठिकाणी माणसं आत काम करतायत."

सविताने फोन उचलला आणि अकराही शीतगृहांना एकेक करून सांगितलं, "आमचा भोंगा वाजणार नाही. माणसं बाहेर काढा. मी सविता बोलतेय." बारावा फोन तिने पोलिसांना केला.

पोलिसांनी माझा संगणक पांढऱ्या कापडात बांधून सील केला. ती ओळ कुणी टाकली, याच्या नोंदीत माझ्याकडे एकच नाव आहे, सविताचं. 'आजच्या दिवस वगळ' हे मी ऐकलं होतं, पण बोललेलं मला नोंदवता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. सविताला आता दर सोमवारी इथे हजेरी लावावी लागते. धनराजसरांना कुणी बोलावलेलं नाही.

कापडाखाली खंडेनवमीचं कुंकू अजून तसंच आहे. बाबांनो, माझी पूजा केली नाहीत तरी चालेल. खाली बारीक अक्षरांत मी काय सांगते, तेवढं वाचून मग चहाला उठा.